पगारकपात : मालकाची मर्जी चालणार नाही!

पगार हा मालकाचा उपकार नव्हे. घाम आधी गाळायचा आणि पैसा महिन्याने घ्यायचा, म्हणजे महिनाभर कामगारच मालकाला उधारी देत असतो. तरीही पगाराच्या दिवशी उशीर झाला, झाडू मोडला, एक खाडा पडला, अशी कारणे सांगून पैसे कापले जातात आणि आपला माणूस निमूटपणे सही करतो. हा अधिकार मालकाला दिला कोणी?

कायद्याने तर दिलेला नाही! १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने कपातीला लगाम घातला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने तो कायम ठेवला आणि जुन्या कायद्यातील पगाराच्या मर्यादेची अटही काढून टाकली. संहितेच्या कलम १८ मध्ये भविष्य निर्वाह निधी, आयकर, घेतलेली उचल, न्यायालयाचा आदेश अशी कारणे दिली आहेत. त्या यादीबाहेर एक पैसाही कापता येत नाही. सगळ्या कपातींची बेरीज पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये.

दंडाची मर्यादा ३ टक्के, म्हणजे १२,००० रुपयांवर ३६० रुपये. तोही कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय लावता येत नाही, ९० दिवसांनंतर वसूल करता येत नाही आणि दंडाची रक्कम कामगारांच्या हितासाठीच खर्च करावी लागते. एकट्या कामगाराचा एक खाडा पडला तर एकाच दिवसाचा पगार कापता येतो, दोन दिवसांचा नाही. कामासाठी लागणारी हत्यारे पुरवल्याबद्दलही पैसे कापता येत नाहीत. सफाई कामगाराचा झाडू हे त्याचे हत्यार नाही तर काय?

पण खरी लूट पगाराच्या पावतीवर दिसतच नाही. कंत्राटदार बँकेत पूर्ण किमान वेतन जमा करतो आणि संध्याकाळी मुकादम त्यातले रोख परत मागतो. कागद स्वच्छ, कामगाराचा खिसा रिकामा! बांधवांनो, कामगाराने मालकाला किंवा त्याच्या हस्तकाला दिलेली कोणतीही रक्कम कायदा कपातच मानतो.

दिल्लीच्या एशियाड बांधकामांवर हेच घडले होते. रोजचे किमान वेतन ९.२५ रुपये, जमादार त्यातला १ रुपया कापून घेत आणि मजुराच्या हाती ८.२५ रुपये पडत. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणे ही संविधानाच्या कलम २३ ने निषिद्ध केलेली वेठबिगारीच होय. ज्यांच्या वाडवडिलांनी गावकीची वेठ सोसली, त्यांना या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको.

बेकायदा कपातीविरुद्ध कलम ४५ खाली तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. कामगार स्वतः करू शकतो, त्याची नोंदणीकृत संघटनाही करू शकते. कापलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कंत्राटदाराने पैसे बुडवले तर ते देण्याची जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते.

म्हणून पगाराची पावती मागून घ्या. कोणी, कधी, किती पैसे परत घेतले, ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. एकट्याने तक्रार केली तर त्याला उद्या कामावरून काढतील. पन्नास जणांनी मिळून केली तर मुकादमालाच पळता भुई थोडी होईल. कायदा पुस्तकात आहे, त्याला कामाच्या ठिकाणी आणण्याचे काम संघटनेचे आहे.