कोगनोळीचा नाका आणि चार कलमांचा कायदा

आपल्या देशातला साथरोगांचा मूळ कायदा छापून काढला तर दोन-तीन पानांत बसतो. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी तो मंजूर झाला तेव्हा त्यात चारच कलमं होती. पहिल्यात नाव आणि व्याप्ती, दुसऱ्यात सरकारला अधिकार, तिसऱ्यात नियम मोडणाऱ्याला शिक्षा आणि चौथ्यात, या कायद्याखाली सद्‌भावनेनं काम करणाऱ्यावर दावा चालणार नाही अशी हमी. 'धोकादायक साथरोग' म्हणजे काय याची व्याख्या नाही. माणसाला किती दिवस अडकवून ठेवायचं याची मर्यादा नाही. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला नुसता संशय आला तरी प्रवाशाला वेगळं ठेवता येतं. भरपाईचा उल्लेख आहे, पण 'असलीच तर' अशा शब्दांत! मी रोज कोड लिहितो, त्यामुळे सवयीनं वाटून गेलं की ज्यात थांबण्याची अटच लिहिलेली नाही असा हा लूप आहे.

एवढ्या घाईनं हा कायदा का केला, ते ठाऊक असलं पाहिजे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचा रोगी ओळखला. व्हिएगस मूळचे गोव्याचे, बार्देशातल्या हडफड्याचे. रोगाचं नाव उच्चारलं गेलं आणि शहर रिकामं व्हायला लागलं. महापालिकेनं रोग्यांना सक्तीनं आर्थर रोडच्या रुग्णालयात न्यायला सुरुवात केली, तेव्हा ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांच्या जमावानं त्या रुग्णालयावरच हल्ला केला. माणूस तिथे गेला की परत येत नाही, अशी लोकांची समजूत होती. आणि बरेच जण खरोखरच परत येत नव्हते.

पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकलो आहोत, पण चापेकर बंधूंच्या धड्यात गोळीबारावर भर असतो. त्याआधीच्या तीन महिन्यांवर फारसा नसतो. मार्च १८९७मध्ये रँडच्या प्लेग समितीनं घरझडतीसाठी गोरे सोजीर लावले. ते देवघरात शिरत, बायकांचीही तपासणी होई. रोगी सापडला की त्याला रुग्णालयात आणि घरच्यांना छावणीत नेत. कपडे, अंथरुणं जाळून टाकत. याच मार्चमध्ये, १० तारखेला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. तेच शहर, तोच महिना.

लोकमान्य टिळकांची भूमिका मला सगळ्यांत विचार करण्यासारखी वाटते. ते प्लेगच्या काळात पुणं सोडून गेले नाहीत. हिंदू रोग्यांसाठी रुग्णालय काढण्यात ते पुढे होते. म्हणजे रोग्याला वेगळं ठेवायला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. त्यांचा राग होता तो हे काम करण्याच्या पद्धतीवर आणि ते करणाऱ्या माणसांवर. गोपाळ कृष्ण गोखल्यांची गत वेगळीच झाली. ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे सोजिरांच्या अत्याचारांविषयी जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, आणि कुणीच पुढे येईना. अब्रूच्या भीतीनं कोण येणार? शेवटी त्यांना माफी मागावी लागली. तक्रार नोंदवायला सुरक्षित जागाच नसली तर खरी तक्रारही खोटी ठरते, हे त्या प्रसंगात लख्ख दिसतं.

२२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना पुढच्या वर्षी फाशी झाली. टिळकांवर 'केसरी'तल्या लेखनासाठी राजद्रोहाचा खटला होऊन दीड वर्षाची शिक्षा झाली.

आता यातला सगळ्यांत मोठा उपरोध. एवढी झडती, एवढी छावणी, आणि प्लेग नेमका कसा पसरतो हे त्या वेळी सरकारलाच ठाऊक नव्हतं. उंदरावरच्या पिसवेतून रोग माणसापर्यंत येतो ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८९८मध्ये कराचीत प्रयोग करून मांडली, आणि ती सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे माणसं कोंडली, उंदीर मोकळे! आमच्या आजोबांनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं सांगितलं होतं: घरात उंदीर पडू लागले की गाव माळावर झोपड्या घालून राहायचं, पाऊस सुरू व्हायच्या बेताला परतायचं. त्या बायकांना पिसवेचं गणित माहीत नव्हतं. पण घर सोडावं, माणूस कोंडू नये, हे त्यांनी अनुभवानं ओळखलं होतं. पुढे सरकारनंही सक्ती सैल केली आणि गाव मोकळं करण्याला महत्त्व दिलं. तोवर विश्वास मात्र गेला होता. वाल्डेमार हाफकिननं जानेवारी १८९७मध्ये स्वतःला टोचून घेतलेली लस उपलब्ध होती, तरी लोक ती टोचून घ्यायला कचरत. भारतात या साथीनं पुढच्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसं नेली.

यावरून 'क्वारंटाइन म्हणजे जुलूम' असा निष्कर्ष कुणी काढला तर मला तो पटत नाही. कोविड माणसाकडून माणसाला होतो. तिथे काही दिवस वेगळं राहण्याला खरा आधार होता. माझा आक्षेप नियम असण्याला नाही, तो लिहिण्याच्या रीतीला आहे. आणि आपल्यासारख्या सीमाभागात राहणाऱ्यांना तो जरा जास्तच जाणवला.

मे २०२०मध्ये कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना प्रवेश थांबवला, मग मुभा दिली ती सात दिवस सरकारी क्वारंटाइनच्या अटीवर. २२ ऑगस्टला केंद्रीय गृहसचिवांनी सगळ्या राज्यांना पत्र लिहून कळवलं की राज्याराज्यांतली ये-जा अडवू नका. दोनच दिवसांत, २४ ऑगस्टला, कर्नाटकानं नोंदणी, हातावरचा शिक्का आणि सक्तीचं क्वारंटाइन सगळंच काढून टाकलं. काल जे अत्यावश्यक होतं ते आज अजिबात नको? कुठला आकडा बदलला म्हणून, हे सामान्य माणसाला समजेल असं कुणी सांगितलं नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये आरटीपीसीआरची अट आली. जुलैअखेर पुन्हा नवा हुकूम: दोन्ही डोस झाले असले तरी ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट हवाच. निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर त्या दिवसांत ज्यांनी गाड्यांची रांग पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. माहेर कोल्हापूरला आणि सासर बेळगावला असलेल्या बाईसाठी, किंवा चंदगडहून बेळगावला रोज कामाला येणाऱ्यासाठी, हा दोन राज्यांमधला प्रवास नसतोच, घरातल्या घरात फिरणं असतं. लस घेतलेल्यालाही लागण होते, हे खरं. पण मग चाचणी फुकट, नाक्यावरच आणि तासाभरात मिळायला हवी होती. नियम करणाऱ्यानं बंगळुरूत बसून विमानानं येणारा प्रवासी डोळ्यांसमोर ठेवला असावा, दूध घालायला येणारा नाही.

माझा मावसभाऊ जून २०२०मध्ये पुण्याहून आला तो एका वसतिगृहात ठेवला गेला. जेवण बरं होतं, वागणूकही वाईट नव्हती, असं तो आजही सांगतो. त्याचा त्रास एकच. स्वॅब घेतला, पण निकाल कधी येणार आणि तो कुणाला विचारायचा, हे तिथल्या एकालाही माहीत नव्हतं. सातचे नऊ दिवस झाले. वरचे दोन दिवस कोणत्या नियमाखाली, ते त्याला अजून कळलेलं नाही. आमच्या धंद्यात एखादी सेवा बंद पडली तर निदान 'काम सुरू आहे, पुढची माहिती चार वाजता' एवढं तरी लिहावं लागतं.

तंत्रज्ञानाचं तर विचारूच नका. मार्च २०२०च्या शेवटी कर्नाटकानं 'क्वारंटाइन वॉच' नावाचं अ‍ॅप आणलं. घरात वेगळं राहणाऱ्यानं सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दर तासाला सेल्फी पाठवायचा, त्यासोबत ठिकाणाची नोंदही जायची. न पाठवल्यास सरकारी क्वारंटाइनमध्ये रवानगी. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा आठवलं ते खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, जिथे रेंज हवी तर देवळाच्या कट्ट्यावर जावं लागतं. म्हणजे घरात असल्याचा पुरावा द्यायला घराबाहेर पडायचं! त्याच महिन्यात घरात क्वारंटाइन असलेल्यांचे पत्ते जिल्हावार याद्यांत जाहीर झाले होते. महाराष्ट्रात डाव्या हातावर शिक्के मारले जात होते. घरावर चिकटवलेल्या पत्रकांबाबत डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याचा तसा खास आदेश असल्याशिवाय ती लावू नयेत. तोवर ज्यांच्या दारावर ती लागायची ती लागून गेली होती.

राजकारण्यांनाच दोष द्यावा, तर तेवढंही सोपं नाही. गोव्यात उलट घडलं. मे २०२१मध्ये तिथे निगेटिव्ह प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नको, हा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं दिला. सरकार सवलती मागत होतं आणि न्यायालय नियम कडक करत होतं. त्या महिन्यात गोव्याच्या सरकारी रुग्णालयात प्राणवायूअभावी काय परिस्थिती होती ते आठवलं तर न्यायालयाला दोष देववत नाही. आणि घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना, डॉक्टरांना मारहाण झाली, म्हणून २२ एप्रिल २०२०च्या अध्यादेशानं जुन्या कायद्यात भर घालावी लागली. गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत तुरुंगवास. हीही लोकांची बाजू आहेच.

पण लक्षात घ्या, सव्वाशे वर्षांनी मुहूर्त लागला तो शिक्षा वाढवण्याला. क्वारंटाइनमधल्या माणसाचे हक्क, अपिलाची मुदत, नियम आपोआप संपण्याची तारीख यातलं काहीही आत आलं नाही. २०१७मध्ये केंद्रानं सार्वजनिक आरोग्य विधेयकाचा मसुदा काढला होता, तो तिथेच राहिला. कर्नाटकानं २०२०मध्ये स्वतःचा कायदा केला. विधी आयोगानं फेब्रुवारी २०२४मध्ये २८६वा अहवाल देऊन जुना कायदा अपुरा असल्याचं स्पष्ट म्हटलं. त्याच वर्षी नीती आयोगाच्या तज्ज्ञगटानं साथीचे पहिले १०० दिवस महत्त्वाचे मानून नव्या कायद्याची शिफारस केली. कागद भरपूर झालेत. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा आपली मंडळी सीमाप्रश्नावर मेळावा घेतात, तो घ्यायलाच हवा. त्याच निवेदनात एक कलम जोडता येईल: साथीत सीमा बंद करायची झाल्यास हुकमावर शेवटची तारीख असावी, मुदतवाढीला कारण लेखी असावं आणि रोज ये-जा करणाऱ्यांची सोय दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी मिळून आधीच ठरवलेली असावी.

हे पुढच्या महासाथीपर्यंत थांबण्यासारखं नाही. आपल्याकडे माकडताप आहेच. गोचिडीतून होणारा हा रोग १९५७मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. गेल्या दहा-बारा वर्षांत तो गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा भागात आला आहे. त्याचा हंगाम हिवाळ्यापासून मेपर्यंत, म्हणजे नेमका काजूच्या बागांत आणि रानात माणसं जातात तेव्हाचा. जुनी लस फारशी उपयोगाची राहिली नाही म्हणून बंद झाली, नवीवर काम चालू आहे. तोवर पहिली खूण एकच: रानात मेलेलं माकड. प्लेगच्या वेळी पडलेला उंदीर होता, तसंच हे. चोर्ल्याच्या घाटात ते रस्त्याच्या या अंगाला पडलं तर खबर बेळगावला जाते, खाली उतरून पडलं तर पणजीला आणि पलीकडच्या डोंगरात पडलं तर सिंधुदुर्गनगरीला. जंगल सलग आहे, माकडंही तीच. या तिन्ही कार्यालयांचे फोन नंबर एका कागदावर लिहिलेला फलक घाटातल्या एखाद्या चहाच्या टपरीवर मी अजून पाहिलेला नाही.