गीता एक, भाष्ये अनेक

भगवद्गीतेचे श्लोक सातशे. शंकराचार्यांना त्यांत संन्यासासह ज्ञान हाच मोक्षमार्ग दिसला, रामानुजाचार्यांना भक्ती, मध्वाचार्यांना जीव आणि ईश्वर यांच्यातला कायमचा भेद. तिन्ही भाष्ये आपापल्या परंपरेत आजही प्रमाण आहेत.

टिळकांपाशी मात्र थोडे थांबायला हवे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहिले. ते प्रसिद्ध झाले १९१५मध्ये. गीता कर्मयोगच सांगते, हे ठरवण्यासाठी त्यांनी वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांची जुनी कसोटी हाती घेतली. ग्रंथाचा आरंभ व शेवट कसा, पुन्हापुन्हा काय सांगितले, नवे काय, फळ कोणते, निव्वळ स्तुती कुठे, युक्तिवाद कुठे? आरंभी धनुष्य टाकून बसलेला अर्जुन शेवटी लढायला तयार होतो, यावर त्यांचा मोठा भर. ही कसोटी शंकराचार्यांसारख्या वेदान्त्यांनाही ठाऊक होती, तरी निष्कर्ष वेगळे निघाले. म्हणूनच एकाहून अधिक अर्थ ग्राह्य आहेत, असे मी ठामपणे म्हणेन. पण वाटेल तो अर्थ नव्हे! मागचापुढचा संदर्भ तोडून एखादाच श्लोक नाचवणारा या कसोटीवर उभाच राहत नाही.

गांधीजींनी ‘अनासक्तियोगा’त कुरुक्षेत्राचे युद्ध माणसाच्या अंतःकरणातले मानले. विनोबांची ‘गीता प्रवचने’ १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांसमोर झाली; ती साने गुरुजींनी उतरवून घेतली.