पॅनमधला दाणा आणि १.२ ची वेस

साखर कारखान्यात रस आटून झालेले सिरप व्हॅक्युम पॅनमध्ये येते. हवेचा दाब कमी ठेवल्याने ते साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसलाच उकळते आणि साखर करपत नाही. पुढे सगळा खेळ अतिसंपृक्ततेचा. त्या तापमानाला द्रावणात मावेल त्याच्या किती पट साखर विरघळलेली आहे, तो हा आकडा. तो १ च्या खाली आला की दाणा विरघळतो, १.२ च्या फार वर गेला की नको असलेला बारीक दाणा, फॉल्स ग्रेन, उगवतो. मग पाणी सोडून तो विरघळवायचा आणि तेच पाणी पुन्हा वाफ खर्चून उडवायचे.

जुन्या पद्धतीत १.२ ची ही वेस पॅनमन सांभाळतो. प्रूफ स्टिकने नमुना काढून तो काचेवर पसरतो, दिव्यासमोर धरतो. गरम पाक अंगठा आणि तर्जनीत ताणून तार पाहतो. ही विद्या खरी आहे, हंगामांमागून हंगाम काढून कमावलेली. पण पाळी बदलली की हात बदलतो, आणि दाणाही.

दुसरी पद्धत पीआयडी नियंत्रकाची. मोजलेला आकडा ठरवलेल्या आकड्यापासून ढळला की तो सिरपचा व्हॉल्व्ह कमी-जास्त करतो. १९४२ मध्ये झिग्लर आणि निकोल्स यांनी तो जुळवण्याचे नियम दिले. स्वस्त आणि भरवशाचा. मात्र चूक घडल्यावरच हलणारा. शेजारचा पॅन सुरू होताना व्हॅक्युम पडतो, मग सावरतो. सावरताना तापमान उतरते आणि १.२ कधी ओलांडले, हे उशिरा कळते.

प्रतिमानाधारित नियंत्रण १९७० च्या दशकात तेलशुद्धीकरणात रुजले. व्हॅक्युम हलताच पुढच्या काही मिनिटांत काय होईल याचे गणित मांडून ते सिरप आणि वाफ दोन्ही आधीच आवरते. पॅनसाठी पद्धत हीच सरस.

अट एकच, मोजमाप खरे हवे. विद्युतवाहकता उसातल्या क्षारांबरोबर बदलते, म्हणून तिच्यावरून काढलेला १.२ फसवा ठरू शकतो. रिफ्रॅक्टोमीटर दाणा वगळून फक्त द्रावण मोजतो. त्याला तापमान आणि शुद्धतेची जोड दिली की आकडा विश्वासाचा होतो. कारखान्याने पैसा आधी या उपकरणावर घालावा, संगणकावर नंतर. आणि दाण्याचा आकार पारखायला अनुभवी पॅनमनला पॅनवरच ठेवावे.