औषधांना दाद न देणारे नैराश्य : नव्या उपचारांचा परिचय

नैराश्य म्हणजे दोन दिवसांची उदासी नव्हे. किमान दोन आठवडे मन खिन्न राहणे, कशातही रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे आणि कधी जीवनच नकोसे होणे, अशा लक्षणांचा हा आजार आहे. बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात, कलबुर्गीच्या सीमेकडील मुडबीसारख्या गावात तो या नावाने क्वचितच ओळखला जातो. मराठी घरात 'जीव रमत नाही' आणि दखनी बोलणाऱ्या घरात 'जी घबराता' असे सांगितले जाते. उपचार सुरू होऊन फरक पडला नाही, की 'औषध लागू पडत नाही' म्हणून ते बंद होतात. विद्यार्थ्याच्या घरून हे वाक्य ऐकणाऱ्या शिक्षकाने त्याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे.

दोन वेगवेगळी नैराश्यविरोधी औषधे योग्य मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे घेऊनही पुरेसा गुण आला नाही, तरच वैद्यकशास्त्र त्या आजारास उपचारांना दाद न देणारा म्हणते. प्रत्यक्षात अनेकदा मात्रा अपुरी असते, किंवा पंधरा दिवसांत गोळ्या सोडलेल्या असतात. थायरॉईडची कमतरता, मद्यपान किंवा न ओळखलेला द्विध्रुवी विकार हीही कारणे असू शकतात. निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या सुमारे 85 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. म्हणजे बहुसंख्यांच्या बाबतीत औषध हरलेले नसते. ते दिलेलेच नसते.

तरीही खरोखर दाद न देणारे रुग्ण असतात. अमेरिकेतील 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने सुमारे एक तृतीयांश रुग्ण लक्षणमुक्त झाले. चार टप्प्यांअखेर हे प्रमाण 67 टक्क्यांवर जाईल, असा अंदाज 2006 मध्ये मांडला गेला. मात्र 2023 च्या फेरविश्लेषणाने ते 35 टक्केच असल्याचे म्हटले. वाद आकड्यांचा आहे. तिसऱ्या-चौथ्या औषधाने गुण येण्याची शक्यता घटत जाते, याबाबत मात्र मतभेद नाही.

अशा वेळी प्रथम चालू औषधाला लिथियम किंवा क्वेटियापिनसारख्या औषधाची जोड दिली जाते. लिथियम स्वस्त व जुने, पण रक्ततपासणीशिवाय देता येत नाही. शरीरातील पाणी कमी झाल्यास त्याचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकते. म्हणून उन्हाळ्यातील रोजे धरू इच्छिणाऱ्या रुग्णाने रमजानच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोळी परस्पर बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

विद्युत उपचाराविषयी, ज्याला लोक 'शॉक' म्हणतात, चित्रपटांनी मोठी भीती पसरवली आहे. 1938 मध्ये सुरू झालेली ही पद्धत गंभीर नैराश्यात आजही अत्यंत प्रभावी मानली जाते. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता ती वापरण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई केली आहे. काही काळ विस्मरण होते, हा तिचा खरा दोष.

नव्या उपचारांत चुंबकीय उत्तेजन येते. डोक्यावर ठेवलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंदने मेंदूच्या पुढील भागाला दिली जातात. भूल लागत नाही, रुग्ण जागा असतो. अमेरिकेत 2008 मध्ये त्यास मान्यता मिळाली. पूर्वी एका सत्रास सदतीस मिनिटे लागत. तीन मिनिटांची नवी पद्धत तितकीच परिणामकारक असल्याचे 2018 मध्ये दिसून आले.

दुसरा उपचार केटामाइनचा. भुलीसाठी अनेक दशके वापरले जाणारे हे औषध अल्प मात्रेत दिल्यास काही तासांत उदासी हलकी होते, असे 2000 च्या एका छोट्या प्रयोगात आढळले. त्यापासून बनवलेल्या एस्केटामाइनच्या नाकातील फवाऱ्यास अमेरिकेने 2019 मध्ये मान्यता दिली. 2023 च्या चाचणीत, भ्रम नसलेल्या रुग्णांत, केटामाइनने 55 टक्के तर विद्युत उपचाराने 41 टक्के रुग्णांना गुण आला. मात्र एका मात्रेचा परिणाम साधारणतः आठवडाभरच टिकतो, रक्तदाब वाढतो, व्यसनाचा धोकाही आहे. फवाऱ्यानंतर दोन तास देखरेखीखाली राहावे लागते. हे घरी नेऊन घेण्याचे औषध नाही.

मुडबीच्या दृष्टीने प्रश्न येथेच उभा राहतो. चुंबकीय उत्तेजनासाठी आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावे लागते. सत्र तीन मिनिटांचे झाले तरी खेपा कमी होत नाहीत. रोजंदारीवर जाणाऱ्या घराला हे बस-भाडे आणि बुडालेली मजुरी झेपणे कठीण. त्यामुळे बीदर वा कलबुर्गीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात औषधांचा फेरविचार आणि गरज पडल्यास भरती होऊन विद्युत उपचार, हाच बहुतेकांसाठी व्यवहार्य मार्ग ठरतो. जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत. कोणते औषध, किती मात्रेत, किती दिवस घेतले, हे डॉक्टरांना त्यांवरूनच कळते. या नोंदी तारखेनिशी एका वहीत उतरवून देणे शिक्षकाला सहज शक्य आहे. विद्यार्थी मरणाची भाषा बोलत असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता, त्याला एकटे न सोडता, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. 2022 मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य असून तो रात्रीही लागतो.