समुद्र गॅसवर!

मुंबईतल्या मढच्या किनाऱ्यावर जाताय? मग सेल्फी नंतर, आधी नाक ऑन करा!

तो ‘समुद्राचा वास’ मिठाचा नसतो, माहीत आहे का? मिठाला वासच नाही! हिरो वेगळाच: डायमिथाइल सल्फाइड, अर्थात डीएमएस. सूक्ष्म शेवाळांच्या पेशींत एक गंधकयुक्त रसायन साठलेलं असतं. ते तोडून बॅक्टेरिया हा वायू सोडतात. उकडलेल्या मक्याच्या घमघमाटातही हाच डीएमएस!

डीएमएस हवेत गेला की त्यापासून सल्फेटचे कण होतात आणि त्या कणांवर ढगांचे थेंब धरतात. पेट्रेलसारखे समुद्रपक्षी तर डीएमएसच्या वासावरून जेवण शोधतात, हे शास्त्रज्ञ गॅब्रिएल नेव्हिट यांनी १९९५ मध्ये दाखवलं. नाकानेच फूड डिलिव्हरी ट्रॅकिंग!

आणि मासळीचा तो उग्र दर्प? तीही बॅक्टेरियाचीच करामत. माशातल्या एका रसायनापासून ते ट्रायमिथाइलअमाइन बनवतात. चिंच, कोकम, लिंबू पडलं की आम्लाने हा वायू जखडला जातो. बोंबलाच्या कालवणात चिंच घालणाऱ्या कोळणींची केमिस्ट्री एकदम पक्की!

आता लाफिंग गॅस. दातांच्या डॉक्टरांकडचा नायट्रस ऑक्साइड आपला अरबी समुद्रही बनवतो, माहीत आहे का? पावसाळ्यात खोलातलं कमी ऑक्सिजनचं पाणी पश्चिम किनाऱ्याकडे सरकतं. तळाशी ऑक्सिजन संपला की बॅक्टेरिया चक्क नायट्रेटवर ‘श्वास’ घेतात आणि वाटेत हा वायू तयार होतो. पुढची पायरी पूर्ण झाली, तर त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन होतो. अर्धवट राहिली, तर लाफिंग गॅस साचतो. हसण्यावारी नेऊ नका: शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो!

२००० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या वजीह नक्वी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत बॉम्बच टाकला. खुल्या किनारी पाण्यातलं या वायूचं तोवरचं सर्वाधिक प्रमाण कुठे सापडलं? भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर! जमिनीवरून वाहून येणारं नायट्रेट हे संभाव्य कारण. शेतातलं खत आणि शहराचं सांडपाणी थेट समुद्राच्या श्वासात मिसळत असेल, तर ही बातमी प्रत्येक किनारी गावात पोचायलाच हवी. संस्थेचं मुंबई केंद्र तर मढच्या शेजारीच आहे, अंधेरीच्या चार बंगल्यात.

त्याच वर्षी, त्याच ‘नेचर’मध्ये आणखी एक धमाका: समुद्रतळाच्या गाळात मिथेन खाणारी जोडगोळी! आर्किया (बॅक्टेरियासारखेच एकपेशीय सूक्ष्मजीव) आणि बॅक्टेरिया गळ्यात गळे घालून राहतात आणि सल्फेटच्या मदतीने मिथेन फस्त करतात. तळातला बहुतेक मिथेन पाण्यात येण्याआधीच गट्टम, तोही ऑक्सिजनच्या एका कणाशिवाय!