ई-मेलची मांडणी मोबाइलवर का विस्कटते?

संगणकावर नीटनेटके दिसणारे विमा हप्त्याचे स्मरणपत्र किंवा महाविद्यालयाची प्रवेशसूचना मोबाइलवर उघडताच अक्षरे मुंगीएवढी होतात, ओळी पडद्याबाहेर जातात आणि शेवटची तारीख शोधता शोधता वाचक मेटाकुटीला येतो. दोष बहुधा मोबाइलचा नसतो. पत्राची सजावट ज्या पद्धतीने लिहिलेली असते, तिच्या मर्यादांचा तो परिणाम असतो. या पद्धतीला ‘इनलाइन स्टाइल’ म्हणतात.

सजावटीचे तीन मार्ग

वेबपानातील मजकुराची रचना एचटीएमएलमध्ये लिहिली जाते, तर रंग, आकार, अंतर आदी सजावट सीएसएसमध्ये. हाकोन व्हिउम ली यांनी सीएसएसची कल्पना १९९४ मध्ये मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिचे पहिले प्रमाणरूप जाहीर केले. सजावटीचे नियम स्वतंत्र फाइलमध्ये देता येतात, पानाच्या शीर्षभागात देता येतात, अथवा प्रत्येक टॅगमध्ये ‘स्टाइल’ या गुणधर्माद्वारे थेट लिहिता येतात. हा तिसरा मार्ग म्हणजे इनलाइन स्टाइल. गणवेशाचा नियम शाळेच्या फलकावर एकदाच न लावता प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानात वेगवेगळा सांगावा, तसा हा प्रकार आहे.

मर्यादा कोणत्या?

इनलाइन स्टाइलमध्ये ‘रंग निळा’, ‘रुंदी सहाशे पिक्सेल’ अशी सरळ विधाने करता येतात, पण अट घालता येत नाही. पडदा अरुंद असेल तर दोन स्तंभ एकाखाली एक आणावेत, हे सांगणाऱ्या ‘मीडिया क्वेरी’ला तेथे जागा नाही. दुव्यावर माउस नेल्यावर रंग बदलणे किंवा नवा फॉन्ट उतरवून घेण्याची सूचना देणेही शक्य नाही. शिवाय तोच मजकूर प्रत्येक टॅगमध्ये पुन्हा पुन्हा लिहावा लागल्याने पत्र फुगते. जीमेल सुमारे १०२ केबीच्या पुढचा मजकूर छाटून दाखवते. तेव्हा पत्राच्या तळाशी असलेला महत्त्वाचा दुवा वाचकाच्या नजरेआड जाऊ शकतो.

एवढे असूनही ई-मेल लिहिणारे या पद्धतीला चिकटून राहिले, त्यामागे कारण आहे. जीमेल अनेक वर्षे शीर्षभागातील नियम काढून टाकत असे. २०१६ मध्ये हे धोरण बदलले. आउटलुकच्या २००७ च्या आवृत्तीपासून पत्र दाखवण्याचे काम ‘वर्ड’च्या यंत्रणेकडे गेले आणि सीएसएसमधील अनेक सोयी तेथे निरुपयोगी ठरल्या. अशा परिस्थितीत टॅगमधील सजावट आणि तक्त्यांची चौकट हाच भरवशाचा आधार उरला.

मार्ग कसा काढतात?

पहिला उपाय म्हणजे अट न घालताच मांडणी लवचीक करणे. दोन्ही स्तंभांना शंभर टक्के रुंदी आणि तीनशे पिक्सेलची कमाल मर्यादा देऊन त्यांना ‘इनलाइन-ब्लॉक’ केले, की संगणकावर ते शेजारीशेजारी बसतात आणि मोबाइलवर जागा न पुरल्याने दुसरा आपोआप खाली उतरतो. कमाल रुंदीची भाषा न कळणाऱ्या जुन्या आउटलुकसाठी विशेष टिप्पणीत ठरावीक रुंदीचा तक्ता दिला जातो. तो इतरांना दिसत नाही.

दुसरा उपाय श्रमविभागणीचा. सर्व नियम शीर्षभागात एकदाच लिहावेत आणि ‘प्रीमेलर’सारख्या साधनाकडून ते टॅगमध्ये उतरवून घ्यावेत. मीडिया क्वेरी मात्र शीर्षभागातच ठेवावी. ज्या यंत्रणेला ती समजते, तेथे मांडणी अधिक चांगली दिसते. जिला समजत नाही, तेथे टॅगमधील सजावट सांभाळून घेते. येथे एक गोम आहे. टॅगमधील नियम शीर्षभागातील नियमापेक्षा वरचढ ठरतो. त्यामुळे मीडिया क्वेरीतील प्रत्येक नियमाला ‘इम्पॉर्टंट’ची जोड द्यावी लागते, अन्यथा तो लिहूनही न लिहिल्यासारखा होतो.

नेहमीच्या वेबपानांसाठी तिसरा, अधिक स्वच्छ मार्ग आहे. टॅगमध्ये पूर्ण सजावट न लिहिता केवळ एक मूल्य ‘कस्टम प्रॉपर्टी’ म्हणून द्यायचे आणि ते कसे वापरायचे, हे स्वतंत्र फाइलने ठरवायचे. निवडणूक निकालाच्या आलेखात प्रत्येक पक्षाचा रंग टॅगमध्ये येतो; पण माउस नेल्यावर किंवा पडदा अरुंद झाल्यावर काय करायचे, ते फाइल सांगते. ई-मेलमध्ये मात्र सर्वत्र या सोयीवर विसंबता येत नाही.

मराठी मजकुराची विशेष काळजी

देवनागरीत वेलांटी, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर, तर उकार व काही जोडाक्षरांचे भाग खाली जातात. इंग्रजी पत्राचा साचा तसाच वापरून ओळीची उंची पिक्सेलमध्ये जखडली, तर वाचकाने अक्षर मोठे करताच ओळी एकमेकींवर चढू शकतात. म्हणून उंची पिक्सेलऐवजी दीडपट किंवा त्याहून थोड्या अधिक अशा प्रमाणात द्यावी. वेब सुलभतेच्या २०१८ च्या निकषांतही ओळीची उंची अक्षराच्या दीडपट केल्यावर मजकूर हरवू नये, अशी अपेक्षा आहे. टॅगमधील उंचीला ‘इम्पॉर्टंट’ लावल्यास वाचकाला ही उंची बदलणेच अवघड होते. ते कटाक्षाने टाळावे.

पत्र पाठवण्यापूर्वी ते साध्या मोबाइलवर, अक्षरे दुप्पट करून, एकदा वाचून पाहावे. ज्येष्ठ नागरिकाला देय तारीख आणि विद्यार्थिनीला प्रवेशाची मुदत विनासायास दिसली, तरच ती मांडणी यशस्वी म्हणता येईल.