टेपवरचा गदारोळ

डीप पर्पलला ही रेकॉर्ड काढायचीच नव्हती. १९७२ च्या ऑगस्टमध्ये हा इंग्लिश बँड पहिल्यांदाच जपानच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा तिथल्या रेकॉर्ड कंपनीनं लाइव्ह अल्बमचा लकडा लावला. मैफलीची मजा मैफलीतच संपते, ती तबकडीवर उतरत नाही, असं बँडमधल्या मंडळींचं मत. अखेर होकार मिळाला तो अटी घालूनच. ध्वनिमुद्रण आमचा माणूस करणार, आम्ही पसंत केल्याशिवाय काही बाहेर येणार नाही, आणि आलंच तर ते जपानपुरतं. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि १७ ला टोकियोच्या बुडोकानमध्ये टेप फिरल्या. सगळा खर्च तीन हजार डॉलरच्या आसपास.

टेप ऐकल्यावर ‘जपानपुरतं’ची अट मोडली ती बँडनंच. डिसेंबरात ‘मेड इन जपान’ हा दुहेरी अल्बम इंग्लंडच्या दुकानांत आला, पुढच्या वर्षी अमेरिकेत. रॉकमधल्या उत्तम लाइव्ह अल्बमांची यादी आजही त्याच्यावाचून पुरी होत नाही. आणि त्या तीन रात्री अजून विकून संपलेल्या नाहीत! १९९३, १९९८, २०१४, २०२५: काही वर्षं लोटली की त्याच टेप पुन्हा कपाटातून निघतात, घासूनपुसून नव्या वेष्टनात येतात आणि ज्यांच्याकडे आधीच्या दोन आवृत्त्या आहेत तेच चाहते तिसरीसाठी खिसा मोकळा करतात. हा निव्वळ धंदा आहे, असं म्हणून मोकळं होता येईल. धंदा तर आहेच. पण दर खेपेला खरोखर काहीतरी वेगळं ऐकू येतं, हेही तितकंच खरं. ते कुठून येतं, हे समजून घ्यायचं तर आधी त्या रात्रींच्या रंगमंचावर जायला हवं.

ब्लॅक सॅबथ, लेड झेपेलिन आणि डीप पर्पल ही हेवी मेटलच्या मुळाशी असलेली तीन नावं. पर्पलची त्या वेळची पाच जणांची फळी सर्वांत गाजलेली: गिटारवर रिची ब्लॅकमोर, गायक इयन गिलन, बेसवर रॉजर ग्लोव्हर, ड्रमवर इयन पेस आणि ऑर्गनवर जॉन लॉर्ड. लॉर्डची शक्कल अशी, की हॅमंड ऑर्गन तो गिटारसाठीच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायचा. चर्चमध्ये शोभणारं वाद्य त्यातून गुरगुरत बाहेर पडायचं, आणि गिटारशी बरोबरीनं भांडायचं. आवाज किती मोठा? त्याच वर्षी लंडनच्या रेनबो थिएटरमधल्या कार्यक्रमात ११७ डेसिबल नोंदला गेला आणि पुढे गिनेस बुकात ‘सर्वांत गोंगाटी बँड’ म्हणून नाव लागलं. ‘मेड इन जपान’मध्येच गाण्यांच्या मधल्या बोलण्यात ध्वनियंत्रकाकडे एक फर्माईश होते, की सगळ्याच गोष्टींचा आवाज बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा मोठा हवा. हा विनोद इतका लोकप्रिय झाला, की मोटरहेडनं पुढे त्यावरच बेतून आपल्या लाइव्ह अल्बमचं नाव ठेवलं.

असा कल्लोळ मार्टिन बर्चला टेपवर उतरवायचा होता. बँडच्या ‘मशीन हेड’ या अल्बमचं ध्वनिमुद्रण त्यानंच केलं होतं; पुढे आयर्न मेडनचा निर्माता म्हणून तो मेटलच्या जगात दंतकथा बनला. ओसाकात त्याच्या हाती आठ ट्रॅकचं यंत्र होतं. एकाच फितीवर शेजारीशेजारी आठ स्वतंत्र पट्टे, आणि त्यांत पाच माणसं, ड्रमचा अख्खा संच आणि समोरचे हजारो लोक बसवायचे. आजच्या कार्यक्रमात एकट्या ड्रमलाच याहून जास्त ट्रॅक मिळतात. त्यात गिटारचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरतो, ड्रमचा गायकाच्या माइकमध्ये, आणि सभागृहाचा घुमारा तर सगळीकडेच. इंग्लंडला परतल्यावर ग्लोव्हर आणि पेस या दोघांनी बसून या आठ पट्ट्यांचं दोन स्पीकरपुरतं मिश्रण केलं. गिलन आणि ब्लॅकमोर तिकडे फिरकलेही नाहीत.

इथे दोन शब्दांचा घोळ निस्तरायला हवा, कारण जाहिरातींत त्यांची सर्रास सरमिसळ होते. रीमास्टर करणारा तंत्रज्ञ ग्लोव्हर आणि पेस यांनी केलेलं तयार मिश्रणच हातात घेतो. त्यात तो खर्ज थोडा वाढवेल, खरखर कमी करेल, एकूण पातळी ठरवेल. पण एकटी गिटार मागे सारणं त्याच्या हातात नसतं. भाजी शिजून झालेली आहे, वरून मीठ-लिंबू काय ते पिळायचं. रीमिक्स करणारा मात्र मूळ आठ पट्ट्यांकडे परत जातो आणि सगळं नव्यानं मांडतो. १९९८ ची आवृत्ती पहिल्या जातीची: जुनं मिश्रण उजळलेलं आणि जोडीला ‘ब्लॅक नाइट’, ‘स्पीड किंग’, ‘लुसिल’ ही कार्यक्रमाच्या शेवटी फर्माइशीवर वाजवलेली गाणी. २०१४ चा संच दुसऱ्या जातीचा, आणि २०२५ मध्ये पॉर्क्युपाइन ट्री या बँडच्या स्टीव्हन विल्सननं केलेली आवृत्तीही. तिच्यात तर डॉल्बी अ‍ॅटमॉसही आहे, म्हणजे आवाज श्रोत्याच्या चारी बाजूंनी आणि डोक्यावरूनही येणार.

दोन्ही कामांत पहिली कसोटी असते ती जुन्या फितीचीच. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या काही टेपांना एक विशिष्ट रोग जडतो. चुंबकीय थर फितीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ वर्षानुवर्षं हवेतली ओल शोषतो आणि सुटायला लागतो. अशी टेप यंत्रावर लावली, की चीं चीं करत अडकते आणि तपकिरी भुकटी मागे ठेवते. ती भुकटी म्हणजेच संगीत. उपाय ऐकून कुणालाही धसका बसेल: टेप चक्क भाजतात. साधारण पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास, सावकाश, कित्येक तास. ओल निघून जाते, टेप काही काळ वाजण्याजोगी होते आणि तेवढ्यात तिची डिजिटल प्रत करून घ्यायची. त्याआधी वाचणारं हेड फितीशी अचूक काटकोनात आहे ना, हे तपासायचं. केसाएवढा फरक पडला तरी झांजांची चकाकी जाते. या कंटाळवाण्या, हातानं करायच्या कामावरच नव्या आवृत्तीचा निम्म्याहून अधिक दर्जा ठरतो. वेष्टनावर मात्र त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

यानंतरचा मोह मोठ्या आवाजाचा. १९८२ मध्ये सीडी आली. नव्वदीत कंपन्यांना ध्यास लागला, की आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठ्यानं वाजली पाहिजे. डिजिटल आवाजाला वरची मर्यादा असते, ती ओलांडता येत नाही. मग हळू भाग उचलून वर आणायचे, जोरकस भाग दाबायचे, म्हणजे सगळंच छताला टेकलेलं. २००८ मध्ये मेटालिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर याच कारणानं चाहते भडकले, एका व्हिडिओ गेमसाठी दिलेली त्याच गाण्यांची प्रत त्यांना जास्त मोकळी वाटली होती. जुन्या लाइव्ह अल्बमांच्या अनेक ‘सुधारित’ आवृत्त्या अशाच गुदमरलेल्या आहेत. पहिल्या पाच मिनिटांत त्या भारी वाटतात, विसाव्या मिनिटाला डोकं दुखू लागतं.

‘चाइल्ड इन टाइम’ ऐकताना हे चटकन कळतं. साधारण बारा मिनिटांचं गाणं. सुरुवातीला एकटा ऑर्गन, झांजांवर हलकी थाप, गिलनचा जवळजवळ पुटपुटणारा आवाज. मग तो आवाज शब्द सोडून देतो, पट्टी चढत जातो आणि शेवटी किंचाळीत फुटतो. त्यामागून गिटार सुसाट सुटते. या गाण्याचा सगळा जीव त्या अंतरात आहे. पुटपुटणं उचलून किंचाळीच्या पातळीला आणलं, तर गाण्यात उरतं काय? चांगल्या रीमास्टरची ही साधी परीक्षा आहे: सुरुवातीला आवाज वाढवावासा वाटला पाहिजे आणि सहाव्या मिनिटाला कमी करण्यासाठी हात पुढे गेला पाहिजे.

या गाण्याचा मुंबईशी एक वळसा घेऊन संबंध आहे. ऑर्गनची ती सुरावट सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडच्या ‘बॉम्बे कॉलिंग’ या १९६९ च्या रचनेवरून उचललेली आहे. त्या बँडनंही मग पर्पलची एक रचना उचलून हिशोब चुकता केला, आणि कोर्टकचेरी न होता प्रकरण मिटलं. १९९५ मध्ये डीप पर्पल खरोखरच मुंबईत वाजवून गेले. ब्लॅकमोर तोवर बँड सोडून गेला होता, त्याच्या जागी स्टीव्ह मॉर्स होता. त्या कार्यक्रमाचं ध्वनिचित्रमुद्रण पुढे प्रसिद्ध झालं, तेही ‘बॉम्बे कॉलिंग’ याच नावानं.

तर, टेपवर आहे ते उजळणं हा एक भाग झाला. टेपवर नव्हतं ते घालणं ही या धंद्यातली जुनीच खोड, संगणक यायच्या कितीतरी आधीची. जूडस प्रीस्टच्या ‘अनलीश्ड इन दि ईस्ट’ या १९७९ च्या अल्बममध्ये टोकियोतले कार्यक्रम आहेत, पण घसा बिघडल्यामुळे रॉब हॅलफर्डला आपलं गायन नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावं लागलं. टवाळांनी अल्बमच्या नावात ‘ईस्ट’च्या जागी ‘स्टुडिओ’ घालून टाकलं. थिन लिझीच्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’बद्दल तर निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी सांगायचा, की त्यातलं बरंचसं पुन्हा स्टुडिओत वाजवलेलं आहे, बँडनं ते साफ नाकारलं. हा वाद पंचेचाळीस वर्षं रंगला. २०२३ मध्ये त्या अल्बमचा आठ सीडींचा संच निघाला, त्यात मूळ कार्यक्रम वेगवेगळे दिलेले आहेत. ज्याला हौस आहे त्यानं ताडून पाहावं. लेड झेपेलिनच्या ‘हाउ द वेस्ट वॉज वन’मध्ये १९७२ च्या दोन रात्रींचे तुकडे जोडलेले आहेत, आणि तेही इतक्या सफाईनं, की सांधा सापडत नाही. ब्लॅक सॅबथची गत निराळीच. त्यांचे १९७३ चे कार्यक्रम १९८० मध्ये ‘लाइव्ह अ‍ॅट लास्ट’ या नावानं निघाले ते बँडची परवानगी न घेताच. २००२ मध्ये बँडच्या संमतीनं तेच रीमास्टर होऊन ‘पास्ट लाइव्ह्ज’मध्ये आले.

या सगळ्यांत ‘मेड इन जपान’ची ख्याती अशी, की त्यात नंतर वरून काही वाजवलेलं नाही. निवड मात्र केलेली आहे. बहुतेक गाणी १६ तारखेच्या ओसाकाची, दोन टोकियोची, आणि १५ ची फक्त ‘स्मोक ऑन द वॉटर’. १९९३ च्या तीन सीडींच्या संचात या तिन्ही कार्यक्रमांचा बहुतांश भाग पहिल्यांदा बाहेर आला आणि चाहत्यांना नवा उद्योग मिळाला: एकच गाणं तीन रात्री तीन तऱ्हांनी ऐकायचा. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन’मध्ये गिलन आणि ब्लॅकमोर यांच्यात जे चालतं, त्याला आपल्याकडे सरळ सवाल-जवाब म्हणतील. गिटारनं एक हरकत घ्यायची, गळ्यानं ती तशीच्या तशी परतवायची, मग आणखी वरची, आणखी अवघड. रोज वेगळी भांडणं, रोज वेगळा निकाल. अशा ठिकाणी जास्तीचं ध्वनिमुद्रण म्हणजे भरताड नव्हे.

नव्या मिश्रणांतला खरा फायदा ग्लोव्हरच्या बेसला मिळाला आहे. तबकडीच्या खाचेत खर्ज फार भरला तर सुई उडते, शिवाय एका बाजूवर जितकी जास्त मिनिटं तितकी खाच अरुंद. ‘स्पेस ट्रकिन’ हे वीस मिनिटांचं गाणं तर अख्खी एक बाजू खाऊन बसलं होतं. ती बंधनं आता नाहीत, आणि बेस जमिनीतून आल्यासारखा येतो. पण एका माइकमध्ये शिरलेला दुसऱ्याचा आवाज तसाच आहे. तोही हल्ली संगणकाला शिकवून वेगळा काढता येतो. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चं २०२२ मधलं नवं मिश्रण असंच तयार झालं. स्टुडिओतल्या गाण्याला ते मानवलं. लाइव्ह टेपच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतलेला बरा. ड्रमच्या माइकमध्ये घुसलेली ब्लॅकमोरची गिटार ही चूक नाही; सभागृह किती खोल होतं आणि गिटार किती बेफाम वाजत होती, याची ती मोजपट्टी आहे. ती पुसली, तर पाच जण पाच खोल्यांत बसून वाजवल्यासारखे वाटतील.

पहिल्यांदाच ऐकणाऱ्यानं मोठ्या पेटीच्या नादी लागू नये. आधी मूळ सात गाणी मूळ क्रमानं, जुन्या मिश्रणात ऐकावीत. १९९८ ची आवृत्ती त्यासाठी पुरते. मग तीच गाणी विल्सनच्या हातून, शक्यतो चांगल्या हेडफोनवर. आणि तरीही भूक राहिली, तर १५ ऑगस्टची अख्खी रात्र: बँड जरा बिचकत सुरुवात करतो, टाळ्यांचा ठेका गाण्याच्या पुढे-मागे होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत दोघांचंही जमून येतं.